मटार सोलणारा हात

जयपूर, मंगळवार, १३ मार्च १९८४

पोलिश कवयित्रीवरचा लेख उद्या पुण्याला पाठवायचा होता. तिच्या स्वतःच्या कवितांवर बंदी, म्हणून ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या कवितांची भाषांतरं करत राहिली. प्रत्येक भाषांतर शेजारच्या शिवणाऱ्या बाईला वाचून दाखवायची. बाईची सुई थांबली नाही, की पुन्हा लिहायची.

आज मीही लेखासाठी मराठीत केलेली तिची एक कविता लेकीला वाचून दाखवली. नंदू मटार सोलत होती. हात थांबलाच नाही.

"समजली?"

"हो ना आई. मतलब, छान आहे."

छान!

हे म्हणाले, "अगं, तिचं मराठीच कच्चं. दे पाठवून."

तिचं कच्चं? शेवटच्या ओळी मीच घाईने उरकल्या होत्या. आत्ताच खोडल्या. नंदूचा हात थांबेपर्यंत लेख इथून हलणार नाही.