बटणांना नावं मिळाली

रविवार, संध्याकाळ

आजपासून बटणांना नावं आहेत! संगणकावरच्या त्या गप्पांच्या प्रोग्राममध्ये, मला दिसत नाही म्हणून स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज नुसतं "बटण, बटण" म्हणायचा. कुठलं बटण? शेवटी शिरोड्याच्या आक्काचे निरोप सूनच मोठ्याने वाचायची.

प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला, कुणीही दुरुस्त करावा असा, म्हणून मी तक्रार लिहिली. कुणा अनोळखी माणसाने दुरुस्त करून दिलं. आज "पाठवा" स्पष्ट ऐकू आलं! हेडफोन लावून आक्काला कळवलं, आता मीच ऐकतो.

लगेच उत्तर: "मग आता सांगतंय. मागच्या खेपेला तुझ्या सुनेची ती शिंपल्यांची, तिसऱ्यांची आमटी खारट होती रे!"

मी हसतच सुटलो. स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "काय झाला, बाबानू?"

"काय नाय गो."

किती वर्षांनी घरात काहीतरी फक्त मलाच ठाऊक आहे!