आयझॅकच्या घरातली झडप

हायगिल, स्वेलडेल
३ मार्च १९३१

चि. विल्फ्रेड यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि त्यातून जागा उरली तर चार शिव्या.

तू लीड्सहून बाबांसाठी पाठवलेला स्प्रिंगांचा पलंग पोचला. म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत पोचला. अरे शहाण्या, याच घरात वाढलास ना? जिना भिंतीच्या पोटातून गोल फिरत जातो, तिथे मी कपड्यांची टोपली घेऊनसुद्धा अडकते. खिडकीतून घ्यावा, तर मधल्या दगडी दांड्यांतून मांजर अंग चोरून जातं, आणि दांडे काढावेत तर त्यांच्यावरच वरची भिंत टेकलेली. आपल्या पूर्वजांनी आधी दोन-दोन हात जाड भिंती उभ्या केल्या. आत माणसं राहणार हे त्यांना मागाहून आठवलं असावं.

बाबाही त्या पलंगासारखेच, जागचे हलत नाहीत. आई गेल्यापासून अंथरूण धरलंय ते धरलंयच. डॉक्टर म्हणतात, पायांना काही झालेलं नाही, पण आता उठले नाहीत तर पुढे उठताच येणार नाही. मला फार भीती वाटते रे.

गुरुवारी एनॉक सुतार येतोय. बाबांच्या खोलीच्या जमिनीतली झडप उघडून पलंग दोरांनी ओढून घेऊ म्हणतो. बाबांना मी काही बोलले नाही; सांगितलं की ते पलंगच नको म्हणतील.

तुझी, पलंगाला वळसा घालून चूल गाठणारी,
डोर्कसताई

लीड्स
४ मार्च

ती. ताईस सा. न.

माप घ्यायचं राहिलं, कबूल. बायको म्हणते, अक्कल घ्यायचीही राहिली.

पण ताई, थांब गं. ती झडप शवपेटी उतरवायला ठेवलेली, बाबांच्या खाटेला अगदी लागून. आई तिथूनच खाली गेली. आणि गावात शवपेट्या करणारा एनॉकच! त्यात तो बहिरा, कुजबुजला तरी गावभर ऐकू जातं. आधी बाबांच्या कानावर घाल.

घाईत आहे, माया तेवढीच समज.
विल्फ

हायगिल
६ मार्च

चि. विल्फ्रेड यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, पण एनॉक त्याच्या आधी आला. येताच त्याने पलंगाला टेप लावली आणि लांबी-रुंदी ओरडून सांगितली. मग शिडीवर चढून खालून हातोडा हाणला. वर काय वाटलं असेल, तूच बघ. खाटेशेजारची जमीन उचलली गेली आणि भोकातून एनॉकचं टक्कल वर आलं. बाबांनी त्यावर उशी हाणली.

मग जिन्यात पावलं वाजली. बाबा रात्रीच्या सदऱ्यात, अनवाणी, हातात काठी घेऊन खाली उतरले आणि गरजले, “मी अजून मेलो नाहीये, आणि मी एवढा लांबही नाही!” एनॉकला ऐकूच गेलं नाही. त्याने टोपी हातात घेऊन मेंढ्यांची चौकशी केली.

मी एप्रनने डोळे पुसत हसत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खुर्चीत बसले. पुढचं ते स्वतः लिहिणार म्हणतात.

ताई

हायगिल
८ मार्च

चि. विल्फ्रेडास आशीर्वाद.

पलंग वर न्यायचा नाही. खालच्या खोलीत डोर्कससाठी लावलाय. तिची पाठ दुखते का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तुझी आई त्या झडपेतून गेली तेव्हा मला वाटलं, आता खाली कुणीच नाही, उतरून करायचं काय? गुरुवारी रागाच्या भरात उतरलो. एनॉक गेल्यावर डोर्कसने चीज-भाकरी वाढली, माझी आणि तिची. टेबलाशी दुसरी खुर्ची तिला भिंतीकडून ओढून आणावी लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आई तिचीही गेली होती, आणि सारा हिवाळा पोर या टेबलाशी एकटी जेवत होती. आता मी रोज खालीच जेवतो.

मेंढ्या विण्याचे दिवस आलेत. लोभ पत्रातून पुरे, मदतीला दोन हात घेऊन ये.

तुझा बाबा,
आयझॅक