तळच्या थरातलं सोनं

१२ मार्च, रविवार

प्रिय,

‘स. न. वि. वि.’ लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं बँकेचं पत्र आलं, म्हणून नुसतं ‘प्रिय’. सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुझ्या धाकट्या बहिणीकडून कळलं. ती अजून मला वहिनीच म्हणते. आपला घटस्फोट तिच्या कानावर गेलेला दिसत नाही.

मी बरी आहे. निवृत्त झाले तरी विभागातली एक खोली आणि दगडांचं कपाट माझ्याकडेच आहे. पुढच्या महिन्यात माझा सत्कार आहे. माझ्या त्या लेखाचा आधार घेतल्याशिवाय खडकांच्या रसायनशास्त्रात आजही कुणाचं पान हलत नाही, असं आमंत्रणात छापलंय. समुद्रतळाच्या काळ्या खडकात सगळ्यात खालच्या थरात सोनं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे मी दाखवलं. त्यावर लोकांनी पीएच.डी. केल्या, नोकऱ्या मिळवल्या, काही तर एकमेकांशी भांडलेसुद्धा.

आता मुद्द्याचं. सत्कार करतोय माझा पट्टशिष्य, सध्याचा विभागप्रमुख. मला लक्षणं काही ठीक दिसत नाहीत. परवा फळं घेऊन घरी आला. इतकी वर्षं माझ्या हाताखाली काम केलं, कधी एक केळं आणलं नाही. इकडचं तिकडचं बोलला, माझ्या पडद्यांचं कौतुक केलं आणि चपला घालता घालता विचारलं, “मॅडम, तळच्या थराचे दगड तुम्ही स्वतःच खलात कुटले होते ना?”

मी हो म्हटलं. मान डोलावून गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच थराच्या भुकटीची बाटली कपाटात जागेवरून हललेली. मी कुलूप बदललं. किल्ली उशाखाली घेऊन झोपते. हस, हस. तुला मी शंकासुर म्हणायचे, आता माझीच गत तशी झालीय.

त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते माझ्या लगेच लक्षात आलं. कुटताना सोन्याची अंगठी खलाला घासली तरी भुकटीत सोनं उतरतं. आम्ही मोजतो ते सोनं इतकं कणभर असतं की तेवढ्याने सगळा हिशोब बिघडतो. म्हणून प्रयोगशाळेच्या दारातच अंगठी काढून बशीत ठेवायची, हा नियम मीच केलेला. आणि त्यापायी तू माझं डोकं खाल्लंस! बोट मोकळं दिसलं की तुझी चौकशी सुरू, कुणासाठी काढलीस म्हणून. सांगून सांगून थकले, मग अबोला धरला. फार लागलं होतं मला ते.

तेव्हा म्हटलं, आता तूच लिहून दे, की हिच्या बोटात अंगठी कधी नसायची. तुझ्या संशयाचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

इतकं लिहून उठले, चहा केला, पुन्हा बसले. सांगायचं ते राहिलंच आहे.

त्या दिवशी तू प्रयोगशाळेच्या जिन्यावर आलास. अंगठी माझ्या बोटात घातलीस आणि म्हणालास, “आता काढलीस तर मी समजायचं ते समजेन.” मी तडक आत गेले आणि रागारागात कुटायला बसले. तळचाच थर होता तो. दारात थांबले का, बशीत काही ठेवलं का, काही केल्या आठवत नाही. फार भीती वाटते रे. जिन्यावर आपण दोघंच होतो. मग त्याला हे विचारायचं सुचलं कसं? तू तर नाही ना काही बोललास?

जाऊ दे. अंगठी तुझ्याकडे आहे, निघताना मी परत केली होती. सोनाराने तिच्यात सोन्याबरोबर काय काय मिसळलंय ते तपासता येतं. तसंच मिश्रण त्या भुकटीत निघालं, तर तळच्या थरातलं सोनं खडकाचं नव्हे, तुझं.

ती शोधून काढ. पण माझ्याकडे पाठवू नकोस. माझ्या हातात आली तर मी तिचं काय करीन, माझाच मला भरवसा नाही. थेट त्याच्या नावाने विभागाच्या पत्त्यावर पाठव, सत्काराच्या आधी. आणि उद्या मी फोन करून, रडून, तुझ्या पाया पडून ‘पाठवू नकोस’ म्हणाले, तरी माझं ऐकू नकोस.

तुझ्यावर एवढ्यापुरता विश्वास ठेवणारी,
मी