एका हाताच्या बांगड्या

सौंसर, रविवार

प्रिय श्रुती,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण माझा फोन आला की तुमच्याकडे स्पीकर लागतो आणि सगळं घर भोवती बसतं. म्हणून हे इंदूमॅडमच्या हाती पाठवतेय. त्या रोज तुमच्या पांढुर्ण्याहून आमच्या शाळेत येतात आणि त्यांच्या पोटात गोष्ट राहते. आमच्या स्टाफरूममध्ये असा माणूस विरळाच.

ऑपरेशनला परवा दोन वर्षं झाली. तुझ्या सासरी ते अजून पित्ताच्या खड्याचंच ऑपरेशन आहे ना? तुझी बोलणी चालू होती, तेव्हा आईनेच तसं सांगायचं ठरवलं आणि मीही मान डोलावली. छातीतला कॅन्सर म्हटलं की लोक म्हणणार, यांच्या घराण्यातच आहे. मग पोरीचं जमलेलं मोडेल, याचाच तिला धसका. तिच्यावर मी रागावले नाही. तुझं लग्न मलाही हवंच होतं.

माझं म्हणशील तर दिवस बरे चाललेत. केस आले, तेही कुरळे. लहानपणी त्यांच्यासाठी रडायचे, ते आता असे मिळाले. धुणं वाळत घालताना डावा हात ओढतो, म्हणून ते काम प्रफुल्लने घेतलंय आणि तो सगळे कपडे उलटेच टाकतो. ब्लाउजमध्ये त्या बाजूला घालायच्या विकतच्या पॅडने फार घाम येतो, म्हणून मी घरीच कापसाचं शिवलं आणि वजनाला आत जवसाचे दाणे भरले. एकदा सातवीच्या वर्गात त्याची शिवण उसवली आणि पदराखालून दाणे टपटप गळायला लागले. पहिल्या बाकावरच्या पोरीने ते गोळा करून, कुणाला न दाखवता, माझ्या मुठीत दिले. घरी येऊन हे सांगताना मी हसले आणि मग खूप रडले.

प्रफुल्ल भला माणूस आहे, पण दीड वर्ष मी त्याच्यासमोर कपडे बदलले नव्हते. त्याने कधी विचारलं नाही, आणि त्याने विचारावं असं मला वाटत राहायचं. या दिवाळीत मीच दाखवलं. तो बघत राहिला, मग म्हणाला, "दुखून राहिलं का अजून?" एवढंच. त्यानंतर मला झोप चांगली लागते.

तुझ्या लग्नातलं एक तुला माहीत नाही. बगलेतल्या गाठी काढल्यात, म्हणून डाव्या हाताला घट्ट काही चालत नाही. कासारीण आली तेव्हा मी उजवाच हात पुढे केला. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "एकच हात कसा भरतेस वं बाई, सवाशीण आहेस ना?" आईने माझ्याकडे बघितलं आणि मी डावाही दिला. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. साबण लावूनही बांगड्या निघेनात, शेवटी वाढवाव्या लागल्या. तुला मी गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलं होतं.

पण लिहायचं ते हे नाहीच. नागपूरला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा डॉक्टरीणबाई घरच्या बायकांची माहिती लिहून घेत होत्या. आई, मावशी, आजी. मग त्यांनी विचारलं, बहीण आहे का? आई शेजारी बसली होती. मी म्हणाले, नाही, मी एकटीच. परवाच्या तपासणीला शेजारच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई धाकट्या बहिणीला घेऊन आली होती. एवढ्या कमी वयात एकीला झालं की दुसरीलाही तपासतात, हे मला तिथे कळलं. आत गेल्या गेल्या मी खरं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बहुतेक काही निघणार नाही, पण आता उशीर करू नका. माझ्यामुळे तुझी दोन वर्षं वाया गेली, श्रुती. तुझ्या लग्नापेक्षा मला तू जास्त हवी असायला हवी होतीस, आणि मी उलटंच केलं. मला माफ कर. आजच तुझ्या ऋषिकेशला सगळं सांग. तोंडातून शब्द फुटला नाही तर हे पत्रच त्याच्या हातात दे. कुणी काही बोललं तर माझ्याकडे निघून ये. गुरुवारी तू पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूरला ये, मी इकडून बसने येते. अकराची वेळ घेऊन ठेवलीय. खिडकीवरच्या बाईने पेशंटचं नातं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, लिहा, सख्खी बहीण.

तुझीच,
वृषालीताई