मोजून चोवीस नाकतोडे

सोनाळा
२९ सप्टेंबर २०२४

चि. अनुपमास,
अ. उ. आ.

परवा सकाळी तुझ्या प्रयोगासाठी चोवीस नाकतोडे मी पकडले होते. दवानं भिजलेले असले की ते उडत नाहीत, नुसते पाय झाडतात. म्हणून उजाडतानाच शेतात गेलो. डब्याला भोकं पाडली, आत ज्वारीचा पाला घातला. मग शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसलो आणि सगळे सोडून दिले. फोनवर तुला सांगितलं की यंदा नाकतोडेच नाहीत. ते खोटं होतं. पन्नाशीला आलेल्या काकानं पुतणीशी खोटं बोलावं हे बरं नाही, म्हणून लिहितो. डब्यात त्यांचे पाय वाजत होते, ते ऐकवेना. तपासून झाल्यावर त्यांना जिवंत सोडता नाही का येणार?

या खोट्यापायी लोभ कमी करू नकोस.

तुझा काका,
भगवानराव


अमरावती
३ ऑक्टोबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं खोटं त्याच दिवशी कळलं होतं. काकूनं लगेच फोन करून सांगितलं की तुझे काका रिकामा डबा घेऊन चोरावानी घरात शिरले.

खरं सांगते, जिवंत सोडता येणार नाही. बर्फात गार करून निजवतो, मग पंखांचे आणि पायांचे स्नायू काढतो. कॅल्शियम सुटलं की स्नायू आवळतो. तेच कॅल्शियम स्नायूला जळण पुरवणाऱ्या विकरांनाही (एन्झाइमांनाही) कामाला लावतं का, आणि पंखांत किती, पायांत किती, एवढं मला पाहायचं आहे. आमच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यात वाढवलेले धड उडत नाहीत. दिवाळीनंतर शेतातलेही मिळणार नाहीत, म्हणजे माझं संशोधनाचं वर्ष गेलं. तरी तुमच्या मनाविरुद्ध नको. एकच विचारते, रागावू नका : सोयाबीनवर फवारता तेव्हा कोणी मोजतं का हो?

माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
अनुपमा


सोनाळा
९ ऑक्टोबर

चि. अनुपमास,
अ. उ. आ.

तुझा प्रश्न झोंबला. चार दिवस पूजेला बसलो की तोच आठवे. फवारताना मोजले नाहीत, कारण पाहिलेच नाहीत. पाहिले तेव्हा हात थांबला, एवढीच माझी दया. तुझ्या काकूनं विचारलं की पोरीचं वर्ष बुडवून कोणतं पुण्य कमावून राह्यले.

पंख हलवणारं आणि त्याला जळण देणारं एकच असेल, तर ज्यानं ते घडवलं त्याची करणी कोणीतरी नीट पाहायला हवी. तू पाहा. एकही वाया घालवू नकोस. आमच्यावर जीव असू दे.

आज उजाडताच पुन्हा गेलो. देवाची आधीच माफी मागून काम करणं बरं वाटेना, म्हणून मागितली नाही. चोवीस मोजून डब्यात घातले आणि तुझ्या भावाच्या, हर्षलच्या हाती सातच्या एसटीनं पाठवले.

तुझा काका,
भगवानराव