मामाची सही

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. हंबीररावास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फराळ पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. पत्रात एक ओळ तब्येतीची आणि बाकी पानभर तुमच्या कॅन्टीनमधल्या वांग्याच्या भाजीची. हंबीर, तू वांगं खात नाहीस. लहानपणी गच्चीवरून सोडलेलं तुझं पत्र्याचं विमान शेजारच्या पिराजीकाकांच्या कपाळावर उतरलं, त्या संध्याकाळी तू आईला आमटी कशी करतात हे अगदी मन लावून विचारत बसला होतास. तुला भीती वाटली की तू जेवणावर येतोस. म्हणून विचारते, काय झालंय?

फोनवर विचारलं असतं. पण फोन तू फाटकावर जमा करून आत जातोस, आणि बाहेर आलास की नुसता 'हं' म्हणतोस. तीस वर्षं मराठी शिकवलं मी, पण 'हं'चं रसग्रहण मला जमत नाही.

राजवीर दिवाळीला येऊन गेला. जेवताना हसत हसत म्हणाला की मामाची म्हैस हल्ली शेपूट हलवायला लागलीय. तुझ्या विमानाचं नाव कुठे लिहायचं नाही हा तुझा दंडक, आणि कोल्हापूरच्या माणसाला दुसरं नाव काय सुचणार, म्हणून आपण त्याला म्हैस म्हणतो, ते ठीक. पण म्हशीनं शेपूट हलवली तर माशा उडतात. विमानानं हलवली तर काय उडतं, ते मला कळव. कारण त्या विमानाच्या चाचणीला जो आत बसतो, तो माझा एकुलता एक मुलगा आहे.

ह्यांना विचारलं तर काही होत नाही म्हणतात, आणि देवघरातला दिवा दिवसातून तीनदा लावतात.

उत्तर भाजीशिवाय पाठव. माया आहेच, ती गृहीत धर.
तुझी अक्का


बेंगळुरू
२० नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास हंबीरचा सा. न. वि. वि.

वांग्यावरून पकडशील असं वाटलं नव्हतं.

तुझा भाऊ लढाऊ विमानं बनवतो असं तू गल्लीत सांगत फिरतेस. आता खरी हकीकत ऐक. माझं पहिलं विमान बारा वर्षं कागदावर उडलं आणि कागदावरच उतरलं. दुसरं खरोखर उडलं, पण तोवर त्याचं इंजिन देणाऱ्या परदेशी लोकांनी दुकान बंद केलं. आता ते एका चौकात चबुतऱ्यावर उभं आहे आणि त्याच्या पंखाच्या सावलीत भेळवाला गाडी लावतो. एवढं उपयोगी विमान आमच्या खात्यानं दुसरं केलेलं नाही. हे तिसरं. बाकीचं विमान शंभर माणसांचं असेल, पण शेपटी माझी. तिच्यावरची एकेक रेघ माझ्या हाताखालून गेलीय.

तुला समजेल असं सांगतो. बाबांच्या उद्यमनगरातल्या शेडवरचा पत्रा आठव. वाऱ्यानं तो एरवी नुसता थरथरायचा, त्याचं काही नाही. पण एखाद्या वाऱ्याशी त्याचा ताल जुळला, की दोघं एकमेकांना चढवत न्यायचे आणि बघता बघता पत्रा खिळ्यांसकट उपटून पलीकडच्या शेडवर जाऊन पडायचा. शेपटीचंही तसंच आहे. एका ठराविक वेगाला वाऱ्याचा आणि तिचा ताल जुळतो. मग वैमानिकाला देवाचं नाव घ्यायलाही सवड मिळत नाही. माझं गणित सांगतं की तो वेग फार पुढे आहे, आपण तिथवर जाणारच नाही. पण गेल्या उड्डाणात थरथर गणितापेक्षा अलीकडेच सुरू झाली. राजवीरला जाणवली, यंत्रांनीही टिपली. थोडीशीच. पण अलीकडे.

विमान जमिनीवर बांधून शेपटी हलवून बघायला मी तीन महिने मागितले. मोठ्या साहेबांचं म्हणणं असं की फेब्रुवारीतल्या सोहळ्यात पाहुण्यांसमोर विमान पूर्ण वेगानं गेलंच पाहिजे, म्हणजे डिसेंबरात त्याची एक चाचणी झालीच पाहिजे, आणि थरथर ही बहुतेक वेळा शेपटीत नसून डिझायनरच्या मनात असते. त्या उड्डाणाआधी शेपटीपुरती माझी सही लागते. गणित म्हणतं कर. हात म्हणतो थांब. आणि अक्का, गणितही माझंच आहे.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण मग पुन्हा भाजीवर यावं लागलं असतं. तुझी माया टिकून राहावी.
तुझा हंबीर


राजारामपुरी, कोल्हापूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. हंबीररावास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून स्वयंपाकाला लागले. मिक्सर लावला, तर तो थरथरताच मी बटण बंद केलं. चटणी अजून तशीच जाडीभरडी आहे. काल समोरच्या क्लासच्या गच्चीवर नवा पत्रा ठोकत होते, तर मी खिडक्या लावून बसले. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं साधं प्रवासी विमान डोक्यावरून गेलं, तरी मी आधी त्याची शेपटी बघते. साठीला आलेल्या बाईनं भर रस्त्यात थांबून आभाळाकडे असं बघणं बरं दिसत नाही. रिक्षावाल्यानं कालच विचारलं की मावशी, वर काय हरवलं काय?

राजवीरचं जावळ आठवतं? जोतिबाच्या डोंगरावर तो कुणाच्या मांडीवर बसला होता? पोराला मामाच्या मांडीवर बसवतात ते फोटो चांगला येतो म्हणून नव्हे. वस्तरा चालताना पोरगं हललं, तर घट्ट धरायला आपलं माणूस हवं म्हणून. तू असा धरलास की वस्तरा तुझ्याच करंगळीला लागला. खूण अजून असेल. बघ तिच्याकडे. आणि आता धर.

मला शेपटीचं शास्त्र नको. राजवीरला त्या विमानातून उतरव. कसं, ते तू बघ. आपल्या घराण्यात वशिला लावून माणसं खुर्चीत बसवायची पद्धत आहे. आपल्या चुलतभावाला, अमरसिंहाला, तर अशा दोन खुर्च्या मिळाल्या, आणि बसता एकीतही आलं नाही. खुर्चीतून उठवायला वशिला मागणारी मी पहिलीच, तेव्हा अर्ज मंजूर व्हायला हरकत नसावी.

राजवीरला कळू देऊ नकोस. कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. नाही तर नाही. त्याचं तोंड मला दिसलं म्हणजे झालं.

काम झालं तर लोभ ठेवीन.
अक्का


बेंगळुरू
३ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काम झालं.

मी वर लेखी कळवलं की चाचणीचा वैमानिक माझा सख्खा भाचा आहे, एवढ्या महत्त्वाच्या उड्डाणात नातं आड येऊ नये. नातं इथे शिपायापासून सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण नियमाच्या भाषेत लिहिलं की जुनी गोष्टही नवी होते. साहेबांनी भर बैठकीत माझ्या सचोटीचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. एवढ्या नोकरीत माझ्यासाठी पहिल्यांदाच.

उड्डाण दुसऱ्या वैमानिकाला दिलं आहे. राजवीर माझ्याशी बोलत नाही. त्याला वाटतं मी स्वतःचं नाव राखायला त्याची संधी खाल्ली. वाटू दे.

सही १७ तारखेला आहे. कॅन्टीनमध्ये आज इडली होती. मऊ होती. चटणीत खोबरं जरा कमी होतं, पण सांबार चांगलं होतं.

आठवण असू दे.
हंबीर


राजारामपुरी, कोल्हापूर
१० डिसेंबर २०२४

चि. हंबीररावास आशीर्वाद. वि. वि.

इडली वाचली. काय ते समजले.

दुसरा वैमानिक कोण, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आपण दोघंही फार शहाणे. काल तो कोण ते घरबसल्या कळलं. सलमा आली होती कुरुंदवाडहून. तोहिदची आई. तोहिद आणि आपला राजवीर वारणानगरच्या कॉलेजात एका बाकावर बसले, एका ताटात जेवले आणि एकदमच वायुदलात गेले, हे तुला मी सांगायला नको. एसटीनं आली बिचारी, मांडीवर बासुंदीचा डबा धरून.

तिनं सांगितलं की तोहिदला लई मोठं उड्डाण मिळालंय, त्याच्या बापानं, शमशुद्दीननं, साऱ्या गल्लीला बोलावून चहा पाजला, आणि हे सगळं राजवीरच्या मामांमुळं. सख्ख्या भाच्याला मागं ठेवून दुसऱ्याच्या लेकराला पुढं करणारा माणूस आता कुठं बघायला मिळतोय व्हय, असं म्हणून तिनं डोळे पुसले. मग वाटी माझ्या हातात दिली, मी पहिला घोट घेतला, आणि तिनं विचारलं की अक्का, विमान चांगलं हाय न्हवं?

माझ्या तोंडात बासुंदी होती. मी व्हय म्हटलं. हंबीर, बासुंदी घशाखाली गेली. ते व्हय अजून तिथंच अडकलंय.

जाताना तिनं हिरव्या कापडात नाणं शिवलेला इमाम जामीन दिला. प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर त्यांच्यात बांधतात. तोहिद घाईत तो घरीच विसरून गेला, तेव्हा आता तो मामांच्या हातानं बांधला जावा, एवढंच तिचं म्हणणं. पाकिटात घातलाय. नीट बघ.

तोहिदचा सख्खा मामा सौदीत असतो. त्याला शेपटीतलं काय कळणार? म्हणजे त्याचाही मामा तूच. तेव्हा एक तर राजवीरला परत बसव, नाही तर कुणालाच बसवू नकोस. यातलं पहिलं लिहिताना माझी बोटं झडली नाहीत याचं मला नवल वाटतं. दुसरं कर.

मला फार भीती वाटते रे. आधी एका पोराची होती, आता दोघांची आहे, आणि त्यात माझी स्वतःची मिसळलीय.

हे पत्र पोचल्यावर 'हं' म्हणायला फोन केलास तरी चालेल.
अक्का


बेंगळुरू
१८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

सही केली नाही.

इमाम जामीन तोहिदला द्यायला गेलो होतो, पण त्याच्या दंडाला हात लावायचा धीर झाला नाही. काल सकाळी तो मी माझ्याच दंडावर बाहीखाली बांधला. मला साहेबांच्या खोलीपर्यंत जायचं होतं. प्रवास लांबचा होता.

खोलीत बारा-पंधरा माणसं होती. साहेबांनी पेन पुढे केलं. मी म्हटलं की जमिनीवरची चाचणी झाल्याशिवाय सही नाही. त्यांनी विचारलं की गणितात चूक आहे का. म्हटलं, सापडली नाही. मग आधार काय? नुसती भीती? म्हटलं, होय, भीतीच. कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले की कोल्हापूरचा पैलवान समजून घेतला होता, निघाला सशाच्या काळजाचा. सही करणारे आणखी आहेत, असं म्हणत त्यांनी पेन शेजारच्याकडे सरकवलं.

तेव्हा मी ते सांगितलं. नात्याचं कारण खोटं होतं. शेपटीवर माझाच भरवसा नाही म्हणून मी माझ्या भाच्याला उतरवलं, आणि दुसऱ्याच्या मुलाला बसू दिलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात ती सचोटी ही. आता ज्याला सही करायची त्यानं आधी सांगावं की स्वतःच्या मुलाला बसवाल का.

अक्का, इतकी वर्षं मी त्या खोलीत आलेख दाखवले, आकडे मांडले, कुणी गप्प बसलं नव्हतं. काल बसले. पेन टेबलभर फिरलं आणि साहेबांसमोर जाऊन थांबलं. त्यांना मुलगा नाही, दोन जावई आहेत. त्यांनीही ते उचललं नाही.

उड्डाण पुढे ढकललं. माझी खोटं कळवल्याबद्दल चौकशी होणार आहे, आणि ती व्हायलाच हवी. शेपटीची चाचणी दुसऱ्या माणसाकडे दिली. मला ग्रंथालयाशेजारची खोली मिळाली आहे, जिथे पंखा थरथरतो. दोन्ही पोरांनी एकत्र येऊन माझा उद्धार केला. एरवी त्यांचं कशावर एकमत होत नाही.

दुपारी काय जेवलो ते आठवत नाही.

तू पाठीशी आहेस, तशीच राहा.
हंबीर


राजारामपुरी, कोल्हापूर
३० डिसेंबर २०२४

चि. हंबीरास अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन्ही पोरं सुट्टीवर आली आहेत. हे लिहिते आहे आणि दोघं माझ्या स्वयंपाकघरात तांबड्या रश्श्यात भाकरी चुरून तुला शिव्या घालतायत. राजवीर म्हणतो, मामानं आयुष्यातली मोठी संधी घालवली. तोहिद म्हणतो, तुझी एकदाच घालवली, माझी देऊन घालवली. मी दोघांना वाढते आहे. माझ्याशीही बोलत नाहीत. ताट पुढे सरकवतात, तेवढंच.

सलमाला मी बोलावून सगळं सांगितलं. माझ्या व्हयसकट. मग तिनं विचारलं की अक्का, तुमचं पोरगं काढून माझं घातलं व्हय? मी मान हलवली. आमच्यात डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत तिला माहीत आहे. मी त्यात लाडू भरायला उठले, तर तिनं डबा माझ्या हातातून ओढून घेतला आणि रिकामाच घेऊन निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

फाटकापाशी थांबली मात्र. माझ्याकडे न बघता म्हणाली की ती चाचणी संपस्तोवर दंडावरचं सोडू नगा म्हणावं मामांना.

तेव्हा सोडू नकोस. चाचणीचा निकाल यायचा तो येऊ दे. शेपटी तुटली तर तू शहाणा ठरशील. मजबूत निघाली तर जन्मभर भित्रा म्हणवून घेशील, चौकशी होईल ती वेगळीच. मला दोन्ही चालेल. रोज मनात येतं की ती मजबूतच निघावी, कारण तिसरं कुणाचं तरी पोर त्या विमानात बसणारच आहे. भीती काही जात नाही, हंबीर. आता ती घरातल्यासारखीच वावरते.

सध्याची हकीकत एवढीच की घरात सगळे रागावलेत आणि सगळे जेवतायत. राजवीरनं आत्ता तिसरी भाकरी मागितली. तोंडानं मागितली.

राग निवेल तेव्हा निवेल, माया आजच पाठवते.
तुझी अक्का