तवे निवेपर्यंत

माय, ऑफिसात एक ॲप निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि तेव्हापासून तू रोज आठवतेस. ॲप म्हणजे काय हे नीट समजावत बसले तर पत्र तिथंच संपेल. एवढंच सांगते, की फोनात एक पाटी असते. कुणी कोणतं काम करायचं, ते कधी सुरू झालं, कधी संपलं, हे तिच्यावर सगळ्यांना दिसतं. नांदेडच्या लग्नघरांत तू भाकरीवाल्या बायकांना सकाळी एकदा तोंडानं कामं सांगायचीस आणि अख्खा दिवस पार पडायचा, तेच हे. फरक एवढाच की तू सांगून विसरायचीस, आणि ही पाटी काहीच विसरत नाही.

मी आता लातूरला असते. क्लासेससाठी बाहेरगावाहून आलेल्या पोरांना जेवण पुरवणारी एक मेस आहे, तिची मी मॅनेजर. लातूरात आमची दोन स्वयंपाकघरं आहेत, नांदेडात एक. आजवर सगळा कारभार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालायचा. त्यात सुप्रभात, देवांचे फोटो आणि कुणाच्या तरी भाचीचं बारसं यांच्याखाली कामाचे निरोप गाडले जायचे. एका रविवारी लातूरच्या दोन्ही स्वयंपाकघरांत वरण शिजलं आणि भात कुठंच नाही. पोरं वरण वाटीनं प्यायली. मालकांनी मला बोलावून सांगितलं की मॅडम, आता चांगलंसं ॲप बघा, सगळी टीम एका जागी दिसली पाहिजे. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वरण मीही प्यायले आहे.

तीन ॲप घेऊन बसले. पहिलं सगळं इंग्रजीत, त्यात रंगीत चिठ्ठ्या एका खणातून दुसऱ्या खणात सरकवायच्या. दुसरं मराठीत होतं, पण त्याचं मराठी असं की माझ्या बायकांना ते 'संसाधने' म्हणायचं. 'आपली चौदा संसाधने मोकळी आहेत' असं वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. तिसऱ्यात काम संपलं की ज्याचं त्याला आपोआप निरोप जायचा. मालकांना तिसरं आवडलं. माणूस मोकळा कधी असतो ते कळलं पाहिजे, म्हणाले, म्हणजे त्या वेळात दुसरं काम बसवता येतं. मोकळा वेळ म्हटलं की मला काय आठवतं, हे त्यांना कसं सांगणार?

तुला तो मंगल कार्यालयामागचा चौक आठवतो का? मी शाळेतून थेट तिथं यायची. पंगती उठलेल्या असतात, चुली विझलेल्या, लांबडे लोखंडी तवे भिंतीला टेकवलेले. आणि सगळ्या बायका पाय पसरून बसलेल्या. कुणी मिसरी लावते आहे, कुणी नुसतीच डोळे मिटून आहे, कुणी घरी सांगता येत नाही ते शेजारणीच्या कानात सांगते आहे. घरच्यांच्या हिशोबी त्या अजून कामावर असतात. एकदा एकीचा नवरा दारात आला आणि किती उशीर म्हणून गुरगुरला. तू पदराला हात पुसत शांतपणे म्हणालीस, "तवे निवले न्हाईत आजून. निवल्याबिगर उचलता येत न्हाईत." तो बिडी ओढत बाहेर थांबला. मी जाऊन तव्याला हात लावला, तर तो केव्हाचा गार. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझा दंड धरलास. "समद्याच गोष्टींला हात लावून बघायची सवय बरी न्हाई," म्हणालीस. आज त्याच सवयीचा मला पगार मिळतो.

आमच्या बायकाही जेवणं आटोपली की तासभर बसतात. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यातली एक तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरहून आलेली, तिला आम्ही देगलूरची म्हणतो. तिच्या नवऱ्यानं तिचं माहेर तोडलं आहे, बोलणंसुद्धा बंद. ती या तासात दुसरीच्या फोनवरून आपल्या आईशी बोलते. तेलुगूत बोलते, मला एक शब्द कळत नाही, पण ती हसते तेव्हा माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतं.

तिसरं ॲप आम्ही आठवडाभर चालवून पाहिलं. माझ्या डोक्यात आलंच नाही की बहुतेक बायकांनी दिलेले नंबर त्यांचे नव्हतेच. कुणाचा नवऱ्याचा, कुणाचा मुलाचा, कारण घरातला एकच फोन तो. पहिल्याच दिवशी भांडी झाली आणि देगलूरचीच्या नवऱ्याच्या खिशात निरोप वाजला, की आजचं काम संपलं. दुसऱ्या दिवसापासून तो त्या वेळेला गेटावर गाडी लावून उभा.

ती माझ्यापाशी आली ती भांडायला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "मॅडम, मायचा आवाज ऐकून आठ दिस झाले," म्हणाली. "तुमच्या त्या फोनाला सांगा की, आमचं काम संपत न्हाई म्हून."

मी मालकांकडे गेले. हे ॲप नको म्हटलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, चहा सांगितला आणि समजुतीनं बोलले. ते असे समजुतीनं बोलतात, हीच तर माझी अडचण आहे. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते. ॲप तर येणारच, म्हणाले, पण तुम्ही निवडलेलं असलं तर बाया ऐकतील. "तुम्ही त्यांच्यातल्याच आहात ना, मॅडम." या एका वाक्यात मी अडकले, माय. सोडून जावं तर माझ्या जागी जो येईल त्याला त्या तासाची गंधवार्ताही नसणार. राहावं तर पाटी माझ्याच हातानं लावायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी मी तिसरंच निवडलं. फक्त सगळी कामं मीच भरणार अशी अट घातली, आणि भांडी घासण्याच्या खाली एक काम वाढवलं, 'तवे निववणे', तासभर. मालकांनी विचारलं, एवढा वेळ? मी तुझा चेहरा लावला आणि म्हटलं, सर, लोखंड आहे. त्यांनी मान हलवली. गेटावरच्या गाडीवाल्याच्या फोनात आता 'काम चालू' दिसतं. चार दिवस तो उन्हात थांबला, मग यायचा बंद झाला. खिडकीतून पुन्हा तेलुगू ऐकू येऊ लागलं.

इथं पत्र संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या कामावर मी गुपचूप माझंही नाव टाकलं होतं. माझा फोनही काही माझा नाही. मी कुठं आहे, काय करते आहे ते घरी सतत दिसतं, काळजीपोटी म्हणे. म्हटलं, आपल्यालाही तो तास असावा. गेले आणि त्यांच्यात बसले. एकीनं मिसरीची डबी पदराखाली घेतली, देगलूरचीनं फोन ठेवून दिला. "काई चुकलं का, मॅडम?" थोरलीनं विचारलं. मी काहीतरी गॅसचं विचारून उठले.

परवा मालक म्हणाले, लवकर निवणारे तवे मिळतात का बघा. ते बघायचं कामही पाटीवर माझ्याच नावानं लागलं आहे, आणि मुदत उलटून लाल झालं आहे.

तेव्हापासून त्या तासाला मी बाहेरच्या दाराशी येऊन उभी राहते. कुणी विचारत आलंच तर तवे निवले नाहीत म्हणून सांगायला. हे पत्र तिथंच उभ्यानं, पिठाच्या पोत्यांच्या थप्पीवर कागद ठेवून लिहिलं. ते पेटीत टाकायचं नाही, तुला आता टपाल पोचत नाही, माझ्याच पर्समध्ये राहील. लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. त्या चौकातल्या सगळ्या बायका मला बसलेल्या आठवतात, कोण कुठं टेकलेली तेसुद्धा. तू मात्र दारात उभी. एकदाही बसलेली आठवत नाहीस.

तुला बसावंसं वाटायचं का गं, माय? मला वाटतं.